तांबे, कर्बाम्लवायू आणि आपली ज्ञाती
(मंडळाच्या वार्षिक संमेलनात दिलेले व्याख्यान)



आपल्या संमेलनात व्याख्यानासाठी जे विषय बहुधा निवडले जातात, ते आपल्या सर्वांच्या परिचयाचे आहेत. ज्ञातीचा पूर्वेतिहास, विवाहातील खर्चास आळा, मुलामुलींचे शिक्षण, धंद्यासाठी पतपेढी, हे विषय महत्त्वाचे आहेत आणि ते पुढेही चर्चिले जातील. यंदा मात्र कार्यकारी मंडळाने आम्हांस विषय निवडण्याची मोकळीक दिली, आणि आम्ही एका जपानी रसायनशास्त्रज्ञाच्या संशोधनाचा वृत्तान्त आपणांपुढे ठेवावा असे योजिले. तांबट आळीचा आणि जपानातील प्रयोगशाळेचा संबंध काय, असा प्रश्न कोणाच्याही मनात येणे स्वाभाविक आहे. संबंध आहे तो तांब्याचा. ज्या धातूवरून आपल्या ज्ञातीस नाव मिळाले, त्याच धातूच्या एका अद्‌भुत गुणाचा शोध या गृहस्थांनी लावला. आज जगातील अनेक प्रयोगशाळा त्या शोधाच्या मागे लागल्या आहेत. तांब्यावर पिढ्यान्‌पिढ्या पोट भरलेल्या ज्ञातीस ही गोष्ट ठाऊक नसावी, हे आम्हांस बरे वाटत नाही.

आरंभी आपल्या धंद्याच्या आजच्या स्थितीविषयी दोन शब्द बोलणे अवश्य आहे. पेशवाईत कोकणातून आपली घराणी पुण्यास आली आणि कसब्यात तांबट आळी वसली, असे आपल्यात परंपरेने सांगतात. हंडे, कळश्या, घंगाळे, तपेली, पाण्याचे बंब, देवघरातील उपकरणी, यांनी महाराष्ट्रातील घरे भरली ती आपल्या वाडवडिलांच्या हातांनी. पुढे ॲल्युमिनियम आले, मग पोलाद आले, त्यामागून प्लॅस्टिक आले. बंबाची जागा विजेच्या व गॅसच्या उपकरणांनी घेतली. मठारकामाचा आवाज अजून बंद पडलेला नाही, हे सुदैव; परंतु हातोडा हाती धरणारांची संख्या वर्षानुवर्षे घटत आहे, हे येथे बसलेल्या कोणासही सांगावयास नको. अशा वेळी तांब्याविषयी काही नवे ऐकणे हे केवळ कुतूहल शमविण्यापुरते राहत नाही. आपल्या मुलांनी तांब्याकडे कोणत्या दृष्टीने पाहावे, हा प्रश्न त्यात गुंतलेला आहे.

आता मूळ विषयाकडे वळू. कोळसा, लाकूड, रॉकेल, पेट्रोल, यांपैकी काहीही जाळले की त्यातील कार्बनचा हवेतील ऑक्सिजनशी संयोग होऊन जो वायू उत्पन्न होतो, त्यास कार्बन डायऑक्साइड म्हणतात. जुन्या मराठी पुस्तकांत यालाच कर्बाम्लवायू असे नाव असे. यंत्रयुगापूर्वी हवेच्या दर दहा लक्ष भागांत या वायूचे सुमारे २८० भाग होते. अमेरिकेतील चार्ल्स कीलिंग यांनी १९५८ साली हवाई बेटांवरील मौना लोआ पर्वतावर त्याचे अखंड मोजमाप सुरू केले, तेव्हा हा आकडा ३१५ च्या आसपास होता. २०२४ साली तो ४२० च्या पुढे गेलेला आढळला. हा वायू पृथ्वीची उष्णता अडवून धरतो, आणि त्यामुळे हवामानात जे पालट होत आहेत त्यांची झळ आपल्याकडील शेतकऱ्यासही लागू लागली आहे.

हा वायू धरून त्याचे पुन्हा इंधन किंवा उपयुक्त रसायन का करू नये, असा विचार सुचणे सोपे आहे. तो तडीस नेणे मात्र फार कठीण आहे. चुलीतील राख पुन्हा पेटत नाही, हे आपण जाणतो. कार्बन डायऑक्साइड ही एका अर्थी कार्बनची राखच होय. लाकूड जळताना जी उष्णता बाहेर पडली, ती सर्व परत दिल्यावाचून या राखेचे लाकूड होणार नाही. झाडाचे पान हे कार्य सूर्याच्या प्रकाशाच्या बळावर निमूटपणे करीत असते. माणसाने ते करावयाचे तर त्यास कोठून तरी शक्ती आणली पाहिजे, आणि ती शक्ती त्या वायूच्या अंगी उतरविणारा कोणी मध्यस्थ शोधला पाहिजे. अशा मध्यस्थास रसायनशास्त्रात उत्प्रेरक म्हणतात. तो क्रिया घडवून आणतो, पण स्वतः त्या क्रियेत खर्ची पडत नाही. लग्न जुळविणारा गृहस्थ दोन घरे एकत्र आणतो आणि पुढच्या कामास मोकळा राहतो, तसेच हे आहे.

शक्ती विजेची घ्यावी आणि मध्यस्थ धातूचा घ्यावा, हा या क्षेत्रातील एक जुना मार्ग आहे. पाण्यात क्षार विरघळवून त्यात धातूच्या दोन पट्ट्या सोडावयाच्या, पाण्यात कार्बन डायऑक्साइड वायू भरपूर मुरवावयाचा, आणि पट्ट्यांना वीज जोडावयाची. ऋण पट्टीवर विजेचे कण, म्हणजे इलेक्ट्रॉन, येऊन पोहोचतात आणि वायूच्या रेणूस मिळतात. या क्रियेस क्षपण असे शास्त्रीय नाव आहे. किती इलेक्ट्रॉन मिळाले यावर कोणता पदार्थ बनणार हे अवलंबून असते. दोन मिळाले तर कार्बन मोनॉक्साइड किंवा फॉर्मिक आम्ल बनते. आठ मिळाले तर मिथेन, म्हणजे शेणगॅसमधील जळाऊ वायू, बनतो. कार्बनचे दोन अणू जोडले जाऊन बारा इलेक्ट्रॉन मिळाले तर इथिलीन बनते, ज्यापासून प्लॅस्टिक करतात. किंवा मद्यार्क बनतो. दोन इलेक्ट्रॉन देणे सोपे असते. आठ आणि बारा देणे, तेही ठरल्या क्रमाने, हे महाकर्म कठीण.

हा मार्ग नवा नव्हता. फ्रान्समध्ये रॉयर नावाच्या संशोधकाने १८७० सालीच जस्ताच्या पट्टीवर या वायूपासून फॉर्मिक आम्ल मिळविल्याचे प्रसिद्ध केले होते. पुढे पारा, शिसे इत्यादी धातूंवरही तेच आम्ल मिळाले. परंतु शंभर वर्षे गेली तरी गाडी बहुतेक तेथेच अडून राहिली होती. १९७३ साली खनिज तेलाची टंचाई झाली आणि तेलासाठी परक्यांवर अवलंबून असलेल्या देशांत इतर मार्गांचा विचार नेटाने सुरू झाला. जपान हा अशा देशांपैकी एक होता.

टोकियोनजीकच्या चिबा विद्यापीठात योशिओ होरी नावाचे रसायनशास्त्रज्ञ काम करीत होते. निरिंद्रिय रसायनशास्त्राची, म्हणजे धातू व त्यांच्या संयुगांच्या शास्त्राची, जेथे विद्युत्‌शास्त्राशी गाठ पडते, ते त्यांचे क्षेत्र. १९८५ साली त्यांनी किकुची व सुझुकी या सहकाऱ्यांसह एक छोटा निबंध प्रसिद्ध केला. निरनिराळ्या धातूंच्या पट्ट्या घेऊन, पोटॅशियम बायकार्बोनेटच्या सौम्य द्रावणात, प्रत्येक धातूवर काय काय बनते आणि किती बनते, याचा त्यांनी हिशेब मांडला होता. त्या हिशेबात एक धातू अगदी निराळा निघाला. तांब्याच्या पट्टीवर मिथेन वायू बनत होता. पुढच्या वर्षी त्यांनी दाखविले की तांब्यावर इथिलीनही बनते, आणि द्रावणाच्या तापमानाप्रमाणे या दोहोंचे प्रमाण पालटते. शून्य अंशावर मिथेनचा वाटा मोठा असतो. तापमान वाढवीत चाळीस अंशांपर्यंत नेले की मिथेन जवळजवळ नाहीसा होतो आणि इथिलीन वाढते.

या संशोधनाचे सर्वांत स्वच्छ रूप १९९४ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या तक्त्यात दिसते. सर्व धातूंना सारखीच वीज, पट्टीच्या दर चौरस सेंटिमीटरास पाच मिलिॲम्पिअर, आणि सारखेच द्रावण, अशी ती परीक्षा होती. दिलेल्या विजेपैकी शेकडा किती वीज कोणत्या पदार्थाच्या कामी आली, ते प्रत्येक धातूपुढे मांडले होते. सोन्यावर ८७.१ टक्के वीज कार्बन मोनॉक्साइड बनविण्यात गेली, रुप्यावर ८१.५, जस्तावर ७९.४. शिशावर ९७.४ टक्के आणि कथलावर ८८.४ टक्के वीज फॉर्मिक आम्लाच्या क्षारात गेली. प्लॅटिनम, निकेल आणि लोखंड यांनी कार्बन डायऑक्साइडकडे जवळजवळ पाठच फिरविली आणि पाण्यातून नुसता हायड्रोजन काढला. प्लॅटिनमवर तो ९५.७ टक्के होता. आणि तांबे? तांब्यावर मिथेन ३३.३ टक्के, इथिलीन २५.५ टक्के, मद्यार्क ५.७ टक्के, फॉर्मिक आम्लाचा क्षार ९.४ टक्के, हायड्रोजन २०.५ टक्के, आणि याखेरीज इतर काही पदार्थ थोड्या थोड्या प्रमाणात. साध्या शुद्ध धातूंत जळाऊ वायू आणि मद्यार्क अशा लक्षणीय प्रमाणात देणारे तांबे एकटेच ठरले. सोने आणि प्लॅटिनम यांच्या पंक्तीत तांब्यास मान कोण देतो? परंतु या परीक्षेत राजधातू मागे राहिले आणि आपले तांबे पुढे गेले.

या तक्त्यात आम्हांस आणखी एक गोष्ट मोलाची वाटते. प्रत्येक धातूपुढील आकड्यांची बेरीज शंभराच्या जवळ येते. जेवढी वीज दिली तेवढीचा हिशेब लागला, असा त्याचा अर्थ. ज्याच्या वहीत जमाखर्च जुळतो, त्याच्या शब्दावर बाजारात विश्वास ठेवतात. शास्त्रातही तोच न्याय आहे.

हे तांब्यावरच का घडावे? याचाही माग होरी यांनी काढला. १९८७ साली त्यांनी कार्बन डायऑक्साइडऐवजी थेट कार्बन मोनॉक्साइड वायू घेऊन तांब्यावर प्रयोग केला, तेव्हाही मिथेन आणि इथिलीनच मिळाले. यावरून दिसून आले की कार्बन मोनॉक्साइड ही वाटेतील पायरी आहे. आता प्रश्न असा की या पायरीवर आलेल्या रेणूस धातू किती घट्ट धरतो. सोने व रुपे त्यास अगदी सैल धरतात. तो बनताच सुटून वर निघून जातो आणि काम तेथेच थांबते. निकेल, लोखंड आणि प्लॅटिनम त्यास इतके घट्ट धरतात की तो पृष्ठभागावर चिकटून बसतो, पुढच्या रेणूंस जागा राहत नाही, आणि शेष वीज हायड्रोजन काढण्यात खर्च होते. तांब्याची पकड मध्यम आहे. रेणू सुटत नाही आणि अडकूनही पडत नाही. त्यास पुढचे इलेक्ट्रॉन मिळण्यास अवसर राहतो. पुढे २०१० च्या सुमारास इतर शास्त्रज्ञांनी गणिताच्या साह्याने हीच गोष्ट अधिक बारकाईने मांडली. गुरूने शिष्यास किती धरावे आणि किती सोडावे, हा जो विवेक आपण थोर म्हणतो, तो या धातूच्या अंगी जन्मतः आहे असे म्हणावयास हरकत नाही.

येथवर ऐकून कोणी म्हणेल की तांब्याचा कोणताही पत्रा घ्यावा आणि वीज जोडावी, म्हणजे झाले. तसे नाही. तांबट बांधवांना हे निराळे सांगण्याची गरज नसावी, कारण एकच तांबे तावाप्रमाणे आणि ठोक्यांप्रमाणे कसे निरनिराळे वागते, हे आपण रोज पाहतो. ठोकता ठोकता पत्रा ताठ होतो, मग त्यास भट्टीत लाल करून पुन्हा मऊ करावे लागते. धातूच्या आतील कणांची रचना पालटते म्हणून असे होते. होरी यांनी तांब्याचे एकेक अखंड स्फटिक घेऊन, ते निरनिराळ्या दिशांनी कापून, त्यांच्या पृष्ठभागांवर प्रयोग केले. ज्या पृष्ठावर अणू चौकोनी मांडणीत बसलेले असतात त्यावर इथिलीन अधिक मिळाले. ज्यावर ते षट्‌कोनी, दाट मांडणीत असतात त्यावर मिथेन अधिक मिळाला. धातू तोच, शुद्धता तीच, अणूंची बैठक मात्र निराळी, आणि एवढ्यानेच फळ पालटले. द्रावणातील क्षारात लिथियम आहे, पोटॅशियम आहे की सीझियम, यानेही फरक पडतो, हे त्यांनी आपल्या मुराटा या सहकाऱ्यासह १९९१ साली दाखविले.

या चरित्रातील जो भाग आम्हांस सर्वांत अधिक बोधप्रद वाटतो, तो आता सांगतो. तांब्यावरील हे प्रयोग इतरांनी करून पाहिले, तेव्हा अनेकांना निराळाच अनुभव आला. आरंभी मिथेन आणि इथिलीन मिळे, पण काही वेळातच ते कमी होत जाई आणि शेवटी केवळ हायड्रोजन निघू लागे. तांबे थकते, त्याचा गुण टिकाऊ नाही, असा समज त्यामुळे पसरू लागला. होरी यांनी हा समज तपासावयास घेतला आणि २००५ साली आपल्या सहकाऱ्यांसह त्याचे उत्तर प्रसिद्ध केले. दोष तांब्याचा नव्हता. द्रावणासाठी वापरलेल्या क्षारांत, ते बाजारात शुद्ध म्हणून मिळत असले तरी, लोखंड आणि जस्त यांचा अत्यल्प अंश असे. वीज जोडताच हा अंश तांब्यावर येऊन बसे आणि त्याचा पृष्ठभाग झाकून टाकी. वर दिसावयास तांबेच, पण काम करणारा पृष्ठभाग लोखंडाचा आणि जस्ताचा! यावर उपायही त्यांनी सांगितला. प्रयोगापूर्वी त्याच द्रावणातून दुसऱ्या एका पट्टीवर दीर्घ काळ वीज खेळवून हा मळ काढून घ्यावा, आणि मग तांबे आत सोडावे. तसे केले असता तांब्याचा गुण टिकून राहिला.

आपल्यापैकी ज्यांनी कल्हईचे काम जवळून पाहिले आहे, त्यांना या गोष्टीचे मर्म तत्काळ उमगेल. भांडे तापवून त्यावर नवसागर टाकल्यावाचून कथील धरत नाही, कारण नवसागर पृष्ठभागावरील मळ दूर करतो. आणि एकदा कथलाचा पातळ पापुद्रा बसला की आतील अन्न कळकत नाही. भांडे तांब्याचेच असते, वजनात म्हणावासा फरक पडत नाही, परंतु अन्नाशी गाठ पडते ती कथलाची. अणूंच्या एवढ्याशा थराने भांड्याचा स्वभाव पालटतो. हे ज्ञान आपल्या वाडवडिलांच्या हातांत होते. ते त्यांना रसायनशास्त्राच्या भाषेत मांडता येत नव्हते, आणि मांडता येत होते असा दावा आपण करूही नये. परंतु पृष्ठभाग स्वच्छ नसेल तर सारे श्रम व्यर्थ, ही शिस्त मात्र त्यांनी पाळली. आणि तीच शिस्त चिबा येथील प्रयोगशाळेत पाळली गेली म्हणून हा शोध टिकला.

२००८ साली होरी यांनी या विषयावर सुमारे शंभर पृष्ठांचे एक विस्तृत प्रकरण लिहिले. धातूंच्या पट्ट्यांवरील कार्बन डायऑक्साइडच्या क्षपणाचा अभ्यास करणारा विद्यार्थी आजही ते उघडल्याशिवाय पुढे जात नाही. १९८५ ते २००८ ही तेवीस वर्षे झाली. या काळातील बराच भाग असा होता की जगाचे लक्ष या विषयाकडे फारसे नव्हते. तेल पुन्हा स्वस्त झाले होते आणि हवामानाची काळजी अजून घरोघर पोहोचली नव्हती. तरीही एक मनुष्य एका धातूचा पृष्ठभाग पाहत राहिला.

त्यानंतर मात्र जग या वाटेने वेगाने आले. २०१२ साली अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठात अधिक सूक्ष्म उपकरणे लावून तपासले असता, तांब्यावर एकंदर सोळा पदार्थ बनतात असे आढळले, आणि त्यांपैकी पाच पूर्वी कोणासही दिसले नव्हते. त्याच वर्षी त्याच विद्यापीठातील दुसऱ्या गटाने तांब्यावर प्रथम भट्टीत ऑक्साइडचा जाड थर चढवून, मग तो पुन्हा उतरवून, कमी दाबाच्या विजेवर काम करणारे तांबे तयार केले. पाण्यात हा वायू फार थोडा विरघळतो, लिटरमागे सुमारे दीड ग्रॅम. म्हणून क्रियेचा वेग वाढविता येत नसे. यासाठी सच्छिद्र पडद्यावर तांब्याचा थर देऊन एका बाजूने वायू आणि दुसऱ्या बाजूने द्रावण खेळविण्याची योजना निघाली. २०१८ साली कॅनडातील टोरांटो येथील संशोधकांनी या योजनेने ७० टक्के वीज इथिलीनच्या कामी लावून दाखविली. निरिंद्रिय रसायनशास्त्राच्या दुसऱ्या शाखेतही, जेथे धातूचा एकेकटा अणू सेंद्रिय रेणूंच्या कोंदणात बसवितात, हेच काम चालू आहे. फ्रान्समधील झां-मारी लेन व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८४ साली ऱ्हेनियम धातूच्या अशा संयुगाने कार्बन डायऑक्साइडचे मोनॉक्साइड करून दाखविले होते, आणि ती परंपरा आजही जोमात आहे.

तथापि जे साधले नाही, तेही स्वच्छ सांगितले पाहिजे. नाहीतर आम्ही आपली दिशाभूल केल्यासारखे होईल. एक किलो इथिलीन बनविण्यास, काहीही वाया गेले नाही असे धरले तरी, तेरा युनिटांहून अधिक वीज लागते. हा निसर्गाचाच नियम असल्यामुळे त्यात सवलत मिळत नाही. त्या एक किलोत सुमारे ३.१ किलो कार्बन डायऑक्साइड बांधला जातो. आता ही वीज कोळशाच्या केंद्रातून घेतली तर प्रत्येक युनिटामागे साधारणपणे एक किलोच्या आसपास तोच वायू धुरांड्यातून बाहेर पडतो. म्हणजे तीन किलो आत घेण्यासाठी बारा-तेरा किलो बाहेर सोडावयाचा! असा व्यापार कोणी करील काय? आपल्या देशातील वीज अजून बहुतांश कोळशावरच होते. यास्तव सूर्य, वारा किंवा पाणी यांपासून मिळणारी वीज मुबलक व स्वस्त होईल, तेव्हाच या शोधाचे सार्थक होईल. शिवाय अनेक पदार्थ एकत्र मिळतात ते वेगळे करण्याचा खर्च आहे, द्रावण अल्कधर्मी असल्यास बराच वायू कार्बोनेट बनून वाया जातो, आणि पट्टी महिनोन्‌महिने टिकली पाहिजे ही अट आहेच. या अडचणी खऱ्या आहेत. त्या दूर करणे हे येत्या पिढीचे काम आहे, आणि म्हणूनच आम्ही हा विषय या सभेत मांडला.

ज्ञातिबांधवहो, आपल्यात आज दोन प्रकारची वृत्ती दिसते. काही मंडळी म्हणतात की आपल्या पूर्वजांना सर्व विज्ञान अवगत होते, नवे शिकण्यासारखे काही नाही. काही मंडळी, विशेषतः तरुण, वडिलांचा धंदा सांगावयास संकोचतात, आणि घरातील ऐरण व हातोडे मोडीच्या भावाने विकून मोकळे होतात. पहिल्या वृत्तीने ज्ञान वाढत नाही आणि दुसरीने होते तेही जाते. होरी यांच्या तेवीस वर्षांच्या कामाकडे पाहिले असता दोन्ही वृत्तींचे उत्तर आपोआप मिळते. तांब्यासारख्या सहस्रावधी वर्षे वापरात असलेल्या धातूचा एवढा मोठा गुण १९८५ पर्यंत कोणासही ठाऊक नव्हता. तेव्हा पूर्वजांना सर्व ठाऊक होते असे म्हणण्यात अर्थ नाही. आणि हा गुण ज्या कारणांनी प्रकट होतो, म्हणजे पृष्ठभागाची स्वच्छता, तावाची पारख, धातूवर बसणाऱ्या पापुद्र्याची जाण, ती सर्व आपल्या धंद्यातील नित्याची आहेत. तेव्हा त्या धंद्याची लाज बाळगण्यातही अर्थ नाही.

यावरून आम्ही मंडळापुढे तीन सूचना ठेवू इच्छितो. पहिली, शिष्यवृत्ती निधीविषयी. आजवर आपला निधी बहुतांशी वैद्यकी व अभियांत्रिकी शिकणाऱ्या मुलांकडे गेला, आणि त्याचे फळ आपण पाहतो आहोत. त्याविषयी तक्रार नाही. परंतु रसायनशास्त्र किंवा धातुशास्त्र यांसारखे मूळ विषय घेऊन संशोधनाकडे वळणाऱ्या एका तरी विद्यार्थ्यास, मग तो मुलगा असो वा मुलगी, दरसाल साहाय्य मिळावे. अशा शिक्षणास वेळ लागतो, मिळकत उशिरा सुरू होते, आणि म्हणूनच गरिबाघरचे हुशार मूल त्या वाटेस जात नाही. निधी असतो तो अशाच ठिकाणी खर्चण्यासाठी. काही सभासदांचे मत असे की ज्यातून नोकरीची हमी नाही त्यावर ज्ञातीचा पैसा घालू नये. त्यांच्या काळजीचा आम्ही आदर करतो. तथापि ज्या ज्ञातीने आपला पैसा केवळ हमीच्या जागीच घातला, तिच्यातून नवी विद्या कधी निपजली आहे काय?

दुसरी सूचना, वृद्ध कारागिरांविषयी. मठारकामातील, जोडकामातील, तावाच्या पारखीतील जे बारकावे त्यांच्या हातांत आहेत, ते त्यांच्या तोंडून ऐकून, छायाचित्रांसह लिहून ठेवावेत. आपल्या तरुणांजवळ आता चित्रण करण्याची साधने हातोहाती आहेत, त्यांचा हा उपयोग करावा. पत्र्याचा रंग कोणत्या छटेस आला म्हणजे तो भट्टीतून काढावयाचा, हे ज्यास बोलून दाखविता येते असा मनुष्य जोवर आपल्यात आहे तोवरच हे होऊ शकेल.

तिसरी सूचना विद्यार्थ्यांसाठी आहे. पुण्यातच पाषाण येथे १९५० साली सुरू झालेली राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा आहे. कसब्यापासून ती काही फार दूर नाही. आपल्या शाळकरी मुलांची सहल किल्ल्यावर जाते, देवस्थानास जाते, तशी ती रीतसर परवानगी घेऊन अशा संस्थेतही जावी. आणि त्याच दिवशी सायंकाळी त्या मुलांनी आळीतील एखाद्या कारखान्यात बसून मठार चालू असलेला पाहावा. दोन्ही ठिकाणी एकच धातू, एकच सावधपणा आणि एकच चिकाटी आहे, हे त्यांना डोळ्यांनी दिसले तर आमच्या या लांबलेल्या व्याख्यानाहून त्याचा परिणाम अधिक होईल.

श्रीकालिकामातेच्या कृपेने आपला धंदा टिको, वाढो, अशी प्रार्थना आपण दर वर्षी करतो. ती प्रार्थना आम्हीही करतो. परंतु धंदा जरी रूप पालटून निराळ्या वाटेने गेला, तरी तांब्याशी असलेले आपले नाते तुटण्याचे कारण नाही. हातोडा ठेवून ज्याने परीक्षानळी उचलली, त्याने आपल्या बापजाद्यांचा धातू सोडला असे आम्ही मानणार नाही. जगातील धूर पुन्हा उपयोगी लावण्याच्या या प्रयत्नात तांब्याचा उपयोग करणारांत उद्या आपल्या ज्ञातीतील एखादे नाव दिसले, तर तो दिवस पाहण्यास आम्ही असू वा नसू, आजच्या सभेचे श्रम सार्थकी लागले असे होईल.